छातिमचा वास आणि लाल माती

सोमवार

गुस्करा स्टेशन मागे पडलं, अजय नदीच्या पुलावरून गाडी धडधडत गेली आणि बाहेरची माती लाल झाली. हावड्यापासून तीन तास भातशेती, डबकी, केळी, पुन्हा भातशेती असं चाललं होतं. अजय ओलांडली की बीरभूम जिल्हा लागतो आणि जमिनीचा पोतच बदलतो. मी शाळेत भूगोल शिकवते आणि माहेर रत्नागिरीजवळचं, त्यामुळे ही माती ओळखायला मला नकाशा लागत नाही. हा आमचा जांभा. तिकडे सड्यावर त्याचे चिरे काढून घरं बांधतात, इथे तो मुरमासारखा भुसभुशीत होऊन पसरलाय.

भाची बोलपूर स्टेशनवर आली होती. शांतिनिकेतनच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या कलाशाळेत, तिचं हे तिसरं वर्ष. गेली तीन वर्षं फोनवर तिचं एकच पालुपद होतं, "मावशी, तू नुसती येऊन बघ." घरून निघाले तेव्हा ओळखीतल्या चार जणांनी चार वेळा आठवण करून दिली, की पु. ल. पन्नाशी गाठल्यावर बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले होते. माझा मुक्काम सहा दिवसांचा, तेव्हा माझी मजल 'भालो आछि'च्या, म्हणजे 'बरी आहे'च्या, पुढे जाणार नाही, असं मी सगळ्यांना आधीच सांगून टाकलं.

इथे बॅटरीवरच्या रिक्षेला टोटो म्हणतात. टोटोतून जाताना भाचीने नियम सांगितले. वर्ग चालू असताना आश्रमाच्या भागात शिरायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. मोठ्याने बोलायचं नाही. "आणि कुणाला सर, मॅडम म्हणू नकोस. इथे सगळे दा आणि दी." ऐंशी वर्षांचे निवृत्त प्राध्यापकही दाच. दिवंगतांनाही सूट नाही. शिल्पकार रामकिंकर बैज जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी कालच भेटल्यासारखी पोरं 'किंकरदा' म्हणतात. अपवाद एकच, चित्रकार नंदलाल बोस. ते 'मास्टरमोशाय'.

उतरण्याच्या जागेबद्दल फार लिहीत नाही. गरम पाणी सकाळी सहा ते सात असं सांगितलं होतं, ते सहा दिवसांत दोनदा आलं.

संध्याकाळी चालायला निघालो. काळोख पडल्याबरोबर वास आला. गोडसर, जड, घशात उतरणारा. मी थबकले. भाची म्हणाली, "छातिम." म्हणजे आपली सातवीण, सप्तपर्णी. आमच्याकडे शहरांत रस्त्याकडेला ही झाडं लावली आणि आता दिवाळीच्या आसपास तिच्या वासाने डोकं उठतं म्हणून लोक तक्रारी करतात. मीही त्यातलीच. इथे मात्र सगळ्या गावाची सुरुवात या झाडापासून होते. रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर जवळच्या रायपूर गावच्या जमीनदारांकडे जाताना या ओसाड माळावर दोन छातिमांखाली विसावले, असं सांगतात. 1863 साली त्यांनी इथली वीस बिघे जमीन कायम भाडेपट्ट्याने घेतली. त्या जागी आजही छातिमतला, म्हणजे छातिमाखालची जागा, आहे. मूळची झाडं गेली, त्यांच्या जागी नवी लावली. शेजारच्या शिळेवर बंगालीत तीन ओळी आहेत: तो माझ्या प्राणांचा विसावा, मनाचा आनंद, आत्म्याची शांती.

रस्त्याकडेच्या एका छातिमाची खाली आलेली फांदी धरून मोबाइलच्या उजेडात पानं मोजली. एका झुबक्यात सात, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात पुन्हा सात. एक देठ तुटला तर बोटांना पांढरा चीक लागला. वनस्पतिशास्त्रात याचं नाव अल्स्टोनिया स्कोलारिस. स्कोलारिस म्हणजे शाळेशी संबंधित, कारण पूर्वी याच्या हलक्या लाकडाच्या पाट्या करत. शाळेच्या आधी पाटीचं झाड उगवलं होतं, हे माझ्यातल्या मास्तरणीला फारच आवडलं. इथल्या पदवीदान समारंभात स्नातकांना सप्तपर्णीची पानं देण्याची प्रथा आहे.

मंगळवार

पाठभवन ही इथली शाळा. विद्यापीठाच्या आधीची. 22 डिसेंबर 1901 रोजी रवींद्रनाथांनी पाच मुलांवर ती सुरू केली, त्यांतला एक त्यांचाच मुलगा. विश्वभारती त्यानंतर वीस वर्षांनी आली, डिसेंबर 1921 मध्ये, आणि 1951 साली तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे इथे विद्यापीठाने शाळा काढली नाही, शाळेचंच विद्यापीठ झालं. सहा दिवस हिंडताना हे सारखं जाणवत राहतं. बालवाडीतलं पोर आणि पीएचडीचा विद्यार्थी एकाच सालवीथीतून, म्हणजे सालवृक्षांच्या रस्त्याने, सायकल मारत जातात, आणि दोघं एकाच घंटेवर चालतात.

ती घंटा सांचीच्या तोरणासारख्या छोट्या कमानीत टांगलेली आहे. सकाळी तिचा आवाज झाला तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. बाहेरच्या माणसाला इथूनच पाहायची मुभा, आणि ते योग्यच आहे. माझ्या वर्गाच्या खिडकीशी रोज दोनशे पर्यटक फोन घेऊन उभे राहिले तर मी काय शिकवणार?

तर, कडेने दिसलं ते असं. पिवळसर गणवेशातली मुलं आली, प्रत्येकाच्या हातात गुंडाळलेलं आसन. झाडाखाली गुरुजींसाठी सिमेंटचा बसका ओटा, त्याच्यासमोर अर्धवर्तुळात मुलांनी आसनं अंथरली. वीस-पंचवीस मुलं. माझ्या वर्गात पासष्ट असतात. मी मनात म्हटलं, बरोबर, इथे भिंत नाही, त्यामुळे आवाज पोचतो तेवढाच वर्ग. पन्नास मुलं बसवली तर शेवटच्या रांगेला शिक्षकांऐवजी कोकीळच ऐकू येईल. पटसंख्येचा जो प्रश्न आमच्याकडे बैठकांवर बैठका घेऊन सुटत नाही, तो इथे झाडानेच सोडवलाय.

दुसरी गोष्ट लक्षात यायला अर्धा तास लागला. सावली सरकत होती. आंब्याच्या फांद्यांमधून ऊन एका मुलीच्या पाठीवर आलं, तिने आसन हातभर ओढलं. तिच्या शेजारच्याने ओढलं. गुरुजींनी बोलणं थांबवलं नाही. तास संपेतो अख्खा अर्धवर्तुळ वीतभर पूर्वेला कलला होता. पृथ्वी फिरते हे मी फळ्यावर गोल काढून शिकवते. या पोरांना ते रोज बुडाखाली कळतं.

झाडाखालचे वर्ग म्हटलं की आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक भक्तिभावाची, दुसरी 'पावसात काय करतात?' अशी. पावसात व्हरांड्यात किंवा खोलीत जातात, एवढं साधं उत्तर आहे. प्रयोगशाळा इमारतीतच आहेत. गंमत वेगळीच आहे, आणि ती मला भाचीच्या मैत्रिणीने सांगितली. ती पाठभवनातच वाढलेली. ती म्हणाली, आम्हाला लक्ष विचलित होण्याची सवय होती, म्हणून लक्ष परत आणण्याचीही सवय झाली. खार आली की बघायची, ती गेली की पुन्हा व्याकरण. दर मंगळवारी मुलांची साहित्यसभा असते. स्वतः लिहिलेली कविता, गोष्ट, गाणं, जे असेल ते सगळ्यांसमोर सादर करायचं. ती सातवीत असताना तिने तालध्वजवर कविता वाचली होती आणि एक ओळ विसरली होती. ती ओळ तिला अजून पाठ आहे.

तालध्वज म्हणजे एका ताडाच्या झाडाभोवती बांधलेली गोल मातीची झोपडी. ताड छपरातून वर निघालेला, लांबून झेंड्यासारखा दिसतो. तेजेशचंद्र सेन नावाचे वृक्षवेडे शिक्षक तिथे राहत. घर बांधताना झाड मध्ये आलं तर झाडाभोवती घर बांधावं, हा धडा त्यांना पुस्तकातून द्यावा लागला नसेल.

दुपारी वर्ग सुटल्यावर आम्रकुंज, बकुळवीथी, माधवीचा मांडव, तीनपहाडचा वड असं भटकलो. इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मीही चुकीची समजूत घेऊन आले होते. मला वाटायचं, कवीने सुंदर रान पाहिलं आणि त्यात शाळा काढली. रान नव्हतंच. होता तो जांभ्याचा उघडा माळ, पावसाने चिरत चाललेला. देवेंद्रनाथांनी बाहेरून सुपीक माती आणवून बाग केली. तळं खणायला घेतलं, त्याच्या उपशातून तीनपहाडचा उंचवटा झाला. साल, आंबा, बकुळ, सगळं लावलेलं. आपण ज्याला 'निसर्गरम्य परिसर' म्हणतो तो इथे दीडशे वर्षं लोकांनी ओंजळीने पाणी घालून उभा केलाय. तेव्हा 'निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण' हे वाक्य उलटं करून वाचायला हवं. आधी शिकणाऱ्यांनी झाडं वाढवली, मग झाडांनी त्यांना सावलीत घेतलं.

बुधवार

आज सुट्टी. देशभर रविवारी सुट्टी आणि इथे बुधवारी, कारण ब्राह्मो समाजाच्या उपासनेचा वार बुधवार. भाचीला पहिल्या वर्षी याचा फार त्रास झाला. आई-बाबा रविवारी निवांत फोन करायचे तेव्हा ही वर्गात, आणि हिची सुट्टी असायची तेव्हा ते कचेरीत. आता तिला आठवड्याचा मध्यच आठवड्याचा शेवट वाटतो.

सकाळी उपासनागृहापाशी गेलो. 1891 साली बांधलेलं हे मंदिर रंगीत काचांचं आहे, म्हणून लोक काचमंदिर म्हणतात. मूर्ती नाही, गाभारा नाही. देवेंद्रनाथांनी 1888 मध्ये जो न्यासलेख केला त्यातच मूर्तिपूजा नाही आणि कुणाच्या धर्माची निंदा नाही, असं लिहून ठेवलंय. पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन मुकाट बसली. आम्ही बाहेरच्या पायरीवर. उपनिषदांतले मंत्र झाले, गाणी झाली, थोडं बोलणं झालं. मला भाषा अर्धीच कळली. पण ऊन वर चढलं तशी लाल काचेतली तिरीप एका म्हाताऱ्या बाईंच्या पांढऱ्या साडीवर आली, मग हिरवी, मग नुसतं ऊन. इथेच 25 डिसेंबरला मेणबत्त्या लावून ख्रिस्तोत्सव होतो.

नंतर कलाभवन. या लेखात आता मी जरा रेंगाळणार आहे.

1919 साली सुरू झालेल्या या कलाशाळेचं आवार मोकळं आहे आणि सगळीकडे काम पसरलंय. रामकिंकरांचं 'सांताल परिवार', म्हणजे संथाळ आदिवासींचं कुटुंब, 1938 चं. पुरुषाच्या खांद्यावर कावड, एका पारड्यात मूल, शेजारी बाई, तिच्याही कडेवर मूल, पायाशी कुत्रा. घर उचलून कुटुंब निघालंय. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प मानतात ते हे. फोटोत कितीदा पाहिलं होतं, पण जवळ गेल्याशिवाय कळलंच नाही की हे कशाचं आहे. मी नाक लावून पाहिलं. सिमेंटात रोवलेले लालसर खडे. जांभ्याचे! पायाखाली जी माती, तीच त्या बाईच्या दंडात. ब्राँझ ओतायला पैसे नव्हते, तेव्हा किंकरदांनी लोखंडी सांगाड्यावर सिमेंट आणि इथलाच मुरूम थापत नेला. त्यामुळे पावसाने काळवंडूनही ते शिल्प परकं दिसत नाही, जमिनीनेच पाठ वर काढल्यासारखं वाटतं. आता त्याच्यावर छप्पर घातलंय. जतन म्हणून घालावंच लागलं असणार. पण कुटुंब उन्हातून चाललेलं होतं, त्याला सावलीत थांबवल्यासारखं झालं.

जवळच 'कलेर बाँशी', म्हणजे गिरणीचा भोंगा, 1956 चं. दोन सांताल बायका भातगिरणीकडे धावताहेत, ओलं वस्त्र वाऱ्यावर सुकवत, मागे पोर. भाची म्हणाली, "मावशी, मॉडेल म्हणून कुणी बसवलं नव्हतं. या रस्त्याने रोज जायच्या त्या." शेजारच्या पाड्यातली माणसं आवारातून येत-जात राहिली म्हणून हे घडलं. भोवती उंच कंपाउंड असतं तर किंकरदांना अजिंठ्याच्याच बायका कराव्या लागल्या असत्या.

काळोबाडीबद्दलही सांगते. 1930 च्या दशकात नंदलाल आणि विद्यार्थ्यांनी बांधायला घेतलेलं मातीचं वसतिगृह. भिंतींवर उठावातली चित्रं, भारहूतची, महाबलीपुरमची, इजिप्त-अ‍ॅसिरियाची, आणि सगळ्यावर डांबर, पावसापासून आणि वाळवीपासून बचाव म्हणून. जगाच्या कलेचा इतिहास शिकायला ग्रंथालयात जायच्या ऐवजी त्यांनी तो स्वतःच्या खोलीच्या भिंतीवर लिंपला आणि आत पथारी पसरली. भाचीच्या वसतिगृहाच्या भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे, तेव्हा फार स्वप्नाळू व्हायचं कारण नाही. पण तिच्या हातातही आता शेण-माती कालवायची सवय आलीय, हे मी घरी सांगितलं तर माझ्या बहिणीला खरं वाटणार नाही. लहानपणी ही पोरगी अंगणात अनवाणी यायची नाही.

संध्याकाळ उतरायच्या आत हिंदीभवन गाठलं. 1946-47 साली बिनोदबिहारी मुखर्जींनी इथे मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं. ओल्या गिलाव्यावर, मोठा कच्चा आराखडा आधी न काढता, रोज जेवढा गिलावा ओला तेवढंच काम. रामानुजांपासून कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंगांपर्यंत माणसांची नदी तीन भिंतींवरून वाहत जाते. या माणसाला जन्मापासून एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने फार कमी. 1956 मध्ये शस्त्रक्रियेनंतर तेही गेलं आणि त्यानंतरही ते काम करत राहिले. त्यांचा एक विद्यार्थी होता सत्यजित राय. 1940 च्या सुमाराला दोन-अडीच वर्षं तो इथे शिकला, शिक्षण पुरं न करता निघून गेला, आणि पुढे याच आंधळ्या मास्तरांवर त्याने माहितीपट केला.

एवढं चित्र लांब उभं राहून डोळ्यांत मावत नाही, आणि ज्याने ते काढलं त्याला लांबचं दिसतच नव्हतं. मी बाकावर बसून राहिले. भाचीने मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं, पण बोलली नाही.

गुरुवार

उत्तरायण, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरांचा परिसर. घरं पाच: कोणार्क, श्यामली, पुनश्च, उदीची आणि उदयन. या माणसाला एका घरात फार दिवस करमायचं नाही. नवं घर झालं की थोड्याच दिवसांत त्याला दुसरं हवं वाटे. आपल्या ओळखीत कुणी असं केलं तर आपण नावं ठेवू.

मला श्यामली पाहायची होती. 1935 सालचं मातीचं घर, छप्परही मातीचंच करून पाहण्याचा प्रयोग. भिंतीवर सांताल स्त्री-पुरुष कोरलेले. गांधीजी आणि कस्तुरबा फेब्रुवारी 1940 मध्ये इथे राहिले होते. निरोपाच्या वेळी रवींद्रनाथांनी गांधीजींच्या हातात पत्र दिलं, माझ्या माघारी या संस्थेला आधार द्या म्हणून. ऐंशीला टेकलेला, नोबेल मिळवलेला माणूस, आणि डोक्यावर शाळेच्या खर्चाची चिंता.

गांधीजींची इथली जुनी गोष्ट मात्र 1915 ची आहे आणि तिच्यात आपला एक माणूस आहे. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर त्या वेळी इथे होते. गांधीजी आले आणि त्यांनी मुलांना विचारलं, स्वयंपाकी-नोकर कशाला हवेत? 10 मार्चपासून मुलं-मास्तर सगळे मिळून रांधायला, भांडी घासायला, झाडायला लागले. कालेलकर त्यात पुढे. प्रयोग काही काळाने बंद पडला, हे गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण दर वर्षी 10 मार्चला इथे गांधीपुण्याह पाळतात. त्या दिवशी सफाई आणि स्वयंपाकाच्या लोकांना सुट्टी, कामं बाकीच्यांनी करायची. वर्षात एक दिवस. कमी वाटतं खरं, पण भाचीने सांगितलं की तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, वसतिगृहाची गटारं कुठून कुठे जातात.

संग्रहालयात नोबेल पदकाची प्रतिकृती आहे. मूळ पदक मार्च 2004 मध्ये चोरीला गेलं, ते अजून सापडलेलं नाही. माझ्यापुढे रांगेतल्या एका गृहस्थांनी बायकोला सांगितलं, "खरं नाही ते," आणि दोघं लगेच पुढे सरकली.

त्यानंतर कड्याकुलपं वाढली असणार. शिवाय सप्टेंबर 2023 मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा म्हणून घोषित केलं, तेव्हापासून माणसंही वाढली. मी त्यांतलीच एक, त्यामुळे कुरकुर करायचा मला हक्क नाही. पण या सहा दिवसांत कुंपणं, फाटकं आणि 'प्रवेश निषिद्ध'च्या पाट्या किती दिसल्या हे मोजायचं मी दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. इथला वारसा म्हणजे इमारती असत्या तर कुलूप पुरलं असतं. इथला वारसा म्हणजे आसन ओढणं. ते कपाटात कसं ठेवणार?

शुक्रवार

श्रीनिकेतन तीनेक किलोमीटरवर, सुरुल गावाजवळ. तिकडे पर्यटक कमी जातात. 1922 साली लेनर्ड एल्महर्स्ट नावाच्या इंग्रज शेतीतज्ज्ञाला बरोबर घेऊन रवींद्रनाथांनी इथे ग्रामपुनर्रचनेचं काम उभारलं: मलेरिया हटवणं, सहकारी पतपेढ्या, शेती, विणकाम, चामड्याचं काम. त्याच्या कितीतरी आधी, 1906 मध्ये, आपल्या मुलाला त्यांनी बॅरिस्टर किंवा आयसीएस व्हायला नाही, तर अमेरिकेत इलिनॉयला शेती शिकायला धाडलं होतं. ठाकुरांच्या घरातला मुलगा, आणि शेती.

नंदलालांचं नांगरणीच्या उत्सवाचं भित्तिचित्र इथे आहे. 1928 पासून दोन उत्सव चालत आलेत, एक वृक्षारोपण, दुसरा हलकर्षण. हल्ली वृक्षारोपण बंगाली बावीस श्रावणला होतं, म्हणजे रवींद्रनाथांच्या पुण्यतिथीला. त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीनिकेतनात नांगर धरतात. भाचीने यंदाचं वर्णन केलं. रोपटं पालखीत बसवतात. पालखी पानाफुलांनी सजवायचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे मुली नाचत, गात, वर पाऊस. "आणि पालखीत काय, तर एवढंसं रोप," तिने वीतभर अंतर दाखवलं. मला पंढरपूरच्या पालख्या आठवल्या. तिथे पादुका, इथे रोप. पुण्यतिथीला आपण फोटोला हार घालतो. यांनी झाड लावायचं ठरवलं, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटलं, कारण हाराला दुसऱ्या दिवशी पाणी घालावं लागत नाही.

त्या रोपाला आता कोण पाणी घालतं, असं विचारलं तर भाची जरा गप्प झाली. मग म्हणाली, "जाऊन बघते."

शनिवार

परतीची गाडी संध्याकाळची. सकाळी खोआईत गेलो. पावसाच्या पाण्याने जांभा कोरून केलेल्या घळी, काही कमरेएवढ्या, काही दोन पुरुष खोल. शाळेतल्या मुलांना जमिनीची धूप शिकवायला याहून चांगली जागा नाही. कडेला सोनाझुरीचं बन आहे. नाव सुरेख, झाड म्हणजे आपल्याकडे सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळच. तिच्याखाली गवताचं पातं नाही. आणि बनात भरतो तो शनिवारचा हाट: कांथाकाम, टेराकोटाचे दागिने, एकतारे, ढोल. कारागीर कमी, तयार माल आणून विकणारे जास्त, असं मला वाटलं, पण दोन पिशव्या मीही घेतल्या.

एका घळीच्या काठावर भाचीने पाठपिशवीतून आसन काढलं आणि माझ्यासाठी अंथरलं. मी खाली पाहिलं आणि बसलेच नाही. माझ्या आईचं लुगडं! जांभळं, बारीक चौकटीचं, आई गेल्यावर बहिणीने ठेवून घेतलेलं. भाचीने वर्गातल्या कामासाठी त्याच्या चार घड्या एकावर एक ठेवून इथल्या कांथाच्या टाक्याने शिवलं होतं.

"ही गोधडीच की," मी म्हटलं.

"तेच मी दींना सांगितलं. आमच्याकडे याला गोधडी म्हणतात. तर म्हणाल्या, मग गोधडीचाच टाका घाल. हे बघ, इकडून कांथा आणि इथपासून आजीचा टाका."

मी बोट फिरवून पाहिलं. अर्ध्यापर्यंत टाके दाट आणि वळणदार, पुढे लांब, सरळ, कडेने आत-आत जाणारे. आईचे टाके असेच तिरके जायचे, तिचा चष्मा कधीच धड नसायचा. भाचीने तो तिरकेपणाही धरला होता.

बोलपूरच्या फलाटावर बाकडी भरलेली होती. तिने पुन्हा आसन पसरलं आणि आम्ही दोघी खाली बसलो, मुरमुरे खात. गाडी वीस मिनिटं उशिरा आली. उठताना तिने आसन झटकलं. लाल धूळ उडाली, थोडी माझ्या चपलांवर बसली. ती तशीच घेऊन मी डब्यात चढले.